चहा गार होतोय

रत्नागिरीच्या आमच्या घरात 'चहा गार होतोय' ही हाक दिवसातून चार-सहा वेळा तरी उठायची, आणि तिच्यात आगीच्या बंबाच्या घंटेइतकी निकड असायची. अंघोळीला गेलेला माणूस ओल्या डोक्याने बाहेर यायचा, पूजेला बसलेला देवांना घाईघाईने पुसून ठेवायचा, अंगणातली माणसं वाक्य अर्ध्यावर टाकून आत यायची. गार झालेला चहा म्हणजे गेलेला चहा. तो पुन्हा उकळून पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे 'पुढच्या वेळी नाही आलात तरी चालेल' हे न बोलता सांगणं. गंमत अशी, की त्याच घरात आजोबा मात्र चहा आवर्जून गार करून प्यायचे. कप बशीत उपडा व्हायचा, बशी तीन बोटांवर तोलली जायची, तिच्यावर एक लांबलचक फुंकर आणि मग भुरका. बशीतल्या चहावर उमटणाऱ्या त्या बारीक लाटा मला समुद्रापेक्षा जवळच्या वाटत. म्हणजे चहा गार करायला आमची ना नव्हती. किती गार, याची एक हद्द होती आणि ती आजोबांच्या मिशीखाली कुठेतरी होती. त्या हद्दीपलीकडे चहाला थेट बर्फात बुडवणारी माणसं राहतात आणि एक दिवस आपणही त्यांच्या पंगतीला जाऊन बसू, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी गारच पडले असते.

माझी नोकरी मालवाहू जहाजांच्या वेळापत्रकांची. त्यामुळे नशिबात आली ती सगळी बंदरांची गावं. त्यातलं पहिलं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना. १७३३ साली आखून-रेखून वसवलेलं, चौकाचौकांत बागा असलेलं, दुपारी डोळे मिटून पडणारं गाव. तिथल्या ओकच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, म्हणजे स्पॅनिश शेवाळ. पण ते ना स्पॅनिश, ना शेवाळ. ते निघालं अननसाच्या कुळातलं. या गावात नावावर फार विसंबून चालायचं नाही, ही सूचना मी तेव्हाच घ्यायला हवी होती. पहिल्याच आठवड्यात, जूनच्या चिकट दुपारी, एका खाणावळीत मी चहा मागितला. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "स्वीट की अनस्वीट?" मला भरून आलं. परक्या मुलुखात कुणीतरी साखरेची चौकशी करत होतं. मी म्हटलं, स्वीट. आणि समोर आला अर्ध्या लिटरचा ग्लास, त्यात काठोकाठ बर्फ, बर्फाच्या फटींतून तपकिरी काहीतरी, आणि कडेवर लिंबाची फोड खोवलेली. अंगाला घाम आमच्या दोघांच्याही, ग्लासाच्या आणि माझ्या. मी नम्रपणे सांगितलं की मी चहा मागवला होता. त्यांनी तितक्याच नम्रपणे सांगितलं की हा चहाच आहे. तिथे चहा म्हणजे हाच. आपल्याला हवा असतो त्याला 'हॉट टी' असं वेगळं सांगावं लागतं. माझ्या कानांना ते 'गोल वर्तुळ' म्हटल्यासारखं लागलं. नाइलाजाने मी एक घोट घेतला, आणि पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की ग्लास संपला, बाईंनी न विचारता तो पुन्हा भरला, पुन्हा संपला, पुन्हा भरला. तिथे चहाच्या ग्लासाला अक्षयपात्राचा वर आहे.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, आपल्याकडे नावापुढे ताई-माई लावावं तसं. मी तोंडाने तसंच म्हणायचे, पण मनात त्या माझ्या व्हरांडाकाकू होत्या, कारण मे ते सप्टेंबर त्या व्हरांड्यातच असत. त्यांनीच मला हा चहा शिकवला. थोडं पाणी खळखळून उकळायचं, आच बंद करायची, त्यात एका वेळी चार-चार कप होतील अशा मोठ्या टी-बॅगा सोडायच्या आणि चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. सोडा! आमच्या स्वयंपाकघरात सोड्याचा संबंध छोल्यांशी, फार तर भज्यांशी. पण त्याने चहाचा तुरटपणा उतरतो आणि चहा नितळ राहतो. चहातलं कॅफीन आणि त्याला रंग नि तुरटपणा देणारी द्रव्यं गरम पाण्यात एकमेकांना ओळख देत नाहीत. गारठा जाणवला की एकमेकांना बिलगतात आणि मग सगळा चहा गढूळ होतो. ही गोष्ट मला रसायनशास्त्रापेक्षा परदेशातल्या मराठी मंडळांना जास्त लागू वाटते. असो. पाच-सात मिनिटांनी टी-बॅगा काढायच्या, पिळायच्या नाहीत, पिळल्या तर कडवटपणा उतरतो. आणि साखर तेव्हाच, चहा गरम असतानाच. दोन लिटरला चांगली वाटीभर. मग गार पाणी, मग फ्रिज, मग धीर. गार चहात वरून साखर घालणाऱ्या माणसाकडे काकू ज्या नजरेने बघत, त्या नजरेने आई फक्त कुकरमधल्या पुरणाकडे बघते.

त्या भागात या चहाचा अभिमान कायद्यापर्यंत पोचलेला आहे. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनाने १९९५ साली तिथे पिकणाऱ्या चहाला राज्याचं अधिकृत आतिथ्यपेय करून टाकलं. २००३ साली जॉर्जियाच्या विधिमंडळात तर एक विधेयक आलं: जे हॉटेल आइस्ड टी विकेल त्याने गोड चहा ठेवलाच पाहिजे, न ठेवणं गुन्हा. एप्रिल फूलची ती थट्टा होती. मात्र मांडणाऱ्या आमदाराने, विधेयक संमत झालं तर आपली काही हरकत नाही, असंही सांगून ठेवलं होतं. अमेरिकेत प्यायल्या जाणाऱ्या चहातला साधारण तीन चतुर्थांश चहा गारच पितात. त्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात, की १९०४च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ आपल्याकडच्या चहाचा प्रचार करायला उभे होते. उन्हाच्या काहिलीत गरम चहाकडे कुणी फिरकेना, म्हणून त्यांनी त्यात बर्फ घातला आणि गर्दी लोटली. गोष्ट छान आहे, फक्त बारशाला उशीर झालेला आहे. १८७९ साली छापलेल्या, व्हर्जिनियाच्या स्वयंपाकावरच्या एका पाकपुस्तकात बर्फातल्या चहाची कृती आधीच आहे. तरी मला ब्लेचिंडेनसाहेबांबद्दल माया वाटते. गरम चहाचं दुकान आणि वर तळपता सूर्य, या अडचणीत सापडलेला माणूस मला ओळखीचा वाटतो. आज त्या ग्लासात आसामचा चहा क्वचितच असतो म्हणा. अमेरिकेला सर्वांत जास्त चहा पुरवतो अर्जेंटिना. मालाच्या याद्या बघताना हे मला कळलं, तेव्हा ओकवरच्या त्या स्पॅनिश शेवाळाची आठवण झाली.

पण चहापेक्षा बर्फाचा प्रवास मला जास्त भुरळ घालतो. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी एकोणिसाव्या शतकात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, शिडाच्या जहाजांतून उष्ण गावांना विकला. तो चार्लस्टनला गेला, सव्हानाला गेला, १८३३ साली कलकत्त्याला पोचला. तिकडे निघालेल्या एकशेऐंशी टनांपैकी शंभरेक टन शिल्लक राहिला होता. पुढच्या वर्षी तो मुंबईला आला. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि पाहुण्यांसकट यजमानांनाही पडसं झालं, असं 'बॉम्बे समाचार'ने छापल्याचं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला आजीची क्षमा मागावीशी वाटली. शाळेच्या फाटकाशी 'गाऽरेगाऽर' अशी आरोळी आली की आम्ही पळायचो, आणि आजी मागून ओरडायची, "बर्फ खाऊ नका गं, पडसं होईल!" आम्हाला ती अडाणी वाटायची. तिच्या पाठीशी शेदीडशे वर्षांचा छापील पुरावा होता, तिलाही त्याचा पत्ता नव्हता. आणि माझी दोन गावं, जिथे मी गारेगार चोखलं तो मुलूख आणि जिथे मी गार चहा प्यायला शिकले ते सव्हाना, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच एका तळ्याच्या पाण्याने सोयरी झाली होती.

सव्हानात सात वर्षं काढून मी हॅम्बुर्गला आले. हे युरोपातल्या चहाच्या व्यापाराचं मोठं नाकं. इथली लाल विटांची जुनी गोदामं २०१५पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आसाम, दार्जिलिंग, श्रीलंका, सगळीकडचा चहा या बंदरातून पुढे जातो. इथे चहाला तोटा नाही. पण या एवढ्या चहात एक ग्लासभर गार चहा मिळेल, तर शपथ. 'आइसटी' मागितला की बाटली येते किंवा पुठ्ठ्याचा डबा, आणि आत पीचच्या वासाचं गोड पाणी, ज्याच्या अंगावरून चहाचं पान कधीतरी वारा घालून गेलं असावं. त्याची पूडही मिळते. गार कॉफी मागून पाहिली तर तिच्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा तरंगत आला, कारण जर्मनमध्ये 'आइस' म्हणजे बर्फही आणि आइस्क्रीमही. यात मी कुठल्या तोंडाने हसू? आपल्याकडे सूर्याचं ते ऊन आणि गरम भातही ऊन. बर्फाच्या बाबतीत मात्र इथे हात फार आखडता. दोन खडे मिळतात, मोजून. तिसरा मागितला तर डॉक्टरची चिठ्ठी आहे का, असा चेहरा करतात.

मग मीच करायला घेतला. माप विचारायला काकूंना फोन लावला. साखर नक्की किती? म्हणाल्या, "हनी, पुरेशी होईपर्यंत." हा जबाब मला पाठ होता. आईचं 'अंदाजे' इंग्रजीत गेलं की असंच होणार. पहिला चहा गढूळ झाला, दुसरा कडू, तिसरा इतका गोड की नवरा म्हणाला, "यात शेवया टाकून बघ." एका उन्हाळ्यात उन्हातल्या चहाचाही प्रयोग केला. अमेरिकेत बरणीत पाणी नि टी-बॅगा घालून ती दिवसभर उन्हात ठेवायची पद्धत होती. कोमट पाण्यात जंतू वाढतात म्हणून आता तसं करू नका असं सांगतात, पण मला मोह आवरला नाही. गच्चीवर उन्हात ठेवलेली आजीची गुलकंदाची बरणी डोळ्यांपुढे होती. सज्जात बरणी ठेवली. अकराला ढग आले, बाराला पाऊस, दोनला ऊन डोकावून गेलं, तेही भिंतीवर, बरणीवर नाही. संध्याकाळी बरणीत पाणी होतं आणि त्यात चार टी-बॅगा, रेनकोट घालून पोहायला उतरलेल्या जर्मन पर्यटकांसारख्या. जंतूसुद्धा त्या पाण्यात स्वेटर मागत असतील.

इथून जवळच, समुद्राच्या कडेने, ओस्टफ्रीसलँड नावाचा प्रदेश आहे. तिथली माणसं वर्षाला माणशी तीनशे लिटरच्या आसपास चहा पितात. बाकीची जर्मनी त्यांच्यापुढे निर्जळी एकादशी. एका ढगाळ रविवारी आम्ही तिकडे गेलो. चहाघरातल्या आजीबाईंनी छोट्या कपात आधी खडीसाखरेचा एक मोठा खडा ठेवला, त्यावर कडकडीत काळा चहा ओतला, कडेने सायीचा एक थेंब सोडला आणि ढवळायचं नाही म्हणून बजावलं. आधी साय लागते, मग तुरट चहा, शेवटी गोडवा. तीन कप घ्यायचे आणि पुरे झालं की कपात चमचा उभा करायचा. हे सगळं मी रीतीप्रमाणे ऐकत होते. पण चहा ओतताना त्या खड्याला तडा गेला आणि बारीकसा आवाज झाला, कट्. काचेच्या ग्लासातल्या बर्फावर चहा ओतताना होतो, तोच. माझ्या हातात ऊन कप होता, बाहेर उत्तरेचा गारठा होता, आणि मी मात्र क्षणभर सव्हानाच्या व्हरांड्यात होते. घरची आठवण येते म्हणतात, पण तिला आपलं घर कुठलं ते कधी नीट सांगितलेलंच नसतं. जर्मनीत बसून खडीसाखरेच्या आवाजाने मला अमेरिकेतली दुपार आठवत होती, आणि त्या दुपारी शेजारी बसलेली होती रत्नागिरीहून आलेली आई.

आई सव्हानाला आली ती मे महिन्यात, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्याच दिवशी तिने फ्रिजमधला माझा जग बघितला, कालचा उरलेला कोरा चहा समजून पातेल्यात ओतला, आलं ठेचून घातलं, दूध घातलं. मी लिंबू पिळून ठेवलं होतं. दूध फाटलं. तिने दुधाचा दुसरा डबा फोडला, तेही फाटलं. मी घरी आले तेव्हा ती हताश बसली होती. "एवढा मोठा देश, अगं, आणि धड दूध नाही." लिंबाचा खुलासा केला तेव्हा तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काकू गार चहाचा ग्लास घेऊन तिला भेटायला आल्या. आईने रीतीला धरून त्यांच्या हातात आल्याच्या उकळत्या चहाचा कप दिला. दोघी व्हरांड्यात बसल्या. आईला ग्लास ओठाला लावायचा धीर होईना. काकूंना चौतीस अंशांत तो वाफाळता कप. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींनाही आतिथ्याला नाही म्हणता येत नव्हतं. तेव्हा दोघींनी, एकमेकींच्या नकळत, एकच युक्ती केली. थांबायचं. आई बर्फ विरघळायची वाट बघत होती, काकू वाफ जायची. मधला वेळ भरायला काकूंनी परसातल्या भेंड्या आणून दाखवल्या. तिकडेही त्या लावतात. आईने एक उचलली, टोक मोडून पाहिलं, कोवळी आहे अशी मान हलवली. काकूंनी दुसरीचं टोक मोडलं. मग टोपलीभर भेंड्यांची टोकं मोडत दोघी बोलत बसल्या, एक मराठीत, एक जॉर्जियाच्या हेलात, आणि कुणाचंच काही अडलं नाही. मी खिडकीतून बघत होते. आमच्या घराण्यातली ती हाक माझ्या ओठांवर आली होती, चहा गार होतोय, पण मी ती गिळली. तासाभराने दोघींनी आपापला चहा उचलला आणि एकदमच घोट घेतला. तोवर एकीचा बर्फ संपला होता, दुसरीची वाफ, आणि दोन्ही चहा सारखेच झाले होते, ना गार, ना गरम. दोघींनी एकमेकींकडे बघून 'छान' अशी मान हलवली. दोघीही खोटं बोलत होत्या.

आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. रविवारी फोनवर विचारते, "चहा झाला का गं?" मी म्हणते, झाला, गार घेतला. ती म्हणते, "मग ऊन करून घ्यायचास." काकूंनी मागच्या पत्राबरोबर भेंडीचं बी पाठवलं होतं, हॅम्बुर्गच्या सज्जात त्याला दोन पानं फुटली आणि पुढे ते विचारात पडलं. चहा मात्र आता जमतो. आसामची सुटी पत्ती, चिमूटभर सोडा, आणि साखर 'पुरेशी होईपर्यंत', चहा गरम असतानाच. तेव्हा इकडे कधी आलात तर जरूर या. गरम चहा कधीही मिळेल. गार हवा असेल तर मात्र आदल्या दिवशी कळवा.